अमेरिकेच्या यादवीतली पत्रं : आपल्याला एकच बाजू का ऐकू येते?

पूर्वी घराघरांत दाराजवळच्या खुंटीला एक वाकवलेली तार टांगलेली असायची. पत्र आलं, मोठ्यांदा वाचून झालं, की तारेत खुपसायचं. तार गच्च भरली की ती माळ्यावर जायची आणि खुंटीला नवी लागायची. माझ्या आजोळी अशा तीन तारा निघाल्या. कार्डांच्या मधोमध भोकं, गंजाचे डाग, आणि प्रत्येक कार्डात कुणीतरी कशाचं तरी उत्तर देतंय. मूळ प्रश्न काय होता ते कळायला मार्ग नाही, कारण तो आजीने विचारलेला, आणि तिचं कार्ड दुसऱ्याच कुणाच्या तारेत गेलेलं.

आता असं धरा, की ज्याला पत्र पाठवायचं त्याला खुंटीच नाही. तो तंबूत राहतो, हुकूम सुटला की मैलोनमैल चालतो, सगळा संसार पाठीवरच्या पिशवीत. त्याने पत्रं ठेवायची कुठे? अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या पत्रव्यवहाराचं कोडं इथेच आहे. रणांगणावरून घरी गेलेली पत्रं आज हजारोंनी वाचायला मिळतात. घरून रणांगणावर गेलेली त्या मानाने फारच थोडी. तिथल्या ग्रंथालयांत बसून तुम्ही एका जोडप्याचं भांडण वाचत असता आणि ऐकू येतो फक्त नवरा.

आधी युद्धाविषयी थोडक्यात. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडची राज्यं (आधी ७, युद्ध पेटल्यावर एकूण ११) अमेरिकेतून फुटली, त्यांनी स्वतःचं वेगळं संघराज्य जाहीर केलं आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या. १८६५ च्या वसंतात दक्षिणेची शरणागती झाली. मधल्या चार वर्षांत जुन्या हिशेबाने ६ लाख २० हजार आणि अलीकडच्या अंदाजांनी सात ते साडेसात लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक गोळीने नव्हे तर हगवण, विषमज्वर अशा आजारांनी. आपल्या भागाशी या युद्धाचं नातं कापसाचं. अमेरिकेचा कापूस अडला तसा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस उचलला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये बँका नि कंपन्या पत्त्यांसारख्या कोसळल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांना हे युद्ध कापसाच्या भावात कळत होतं. ओहायो किंवा जॉर्जियातल्या शेतकऱ्याच्या बायकोला ते कळायचं टपालातून.

पण साध्या शिपायाने पत्र लिहावं, हेच मुळात नवल होतं. पानिपतची आठवण काढा. ‘दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हा निरोप आपल्याला पाठ आहे, पण तो सावकारी पेढीचा. सरदारांची, कारकुनांची, वकिलांची पत्रं दप्तरांत भरपूर आहेत. पानिपतावरच्या बारगिराने बायकोला लिहिलेलं पत्र कुणी पाहिलंय? तो लिहू शकत नव्हता, तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याचं पत्र नेणारा जासूदही नव्हता. अमेरिकेत १८६१ साली या तिन्ही अडचणी बऱ्याच अंशी सुटल्या होत्या. उत्तरेकडच्या गोऱ्या शिपायांपैकी दहांत नऊ आणि दक्षिणेकडच्यांपैकी दहांत आठ जणांना लिहिता-वाचता येत होतं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अर्ध्या औंसाचं, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचं पत्र ३ सेंटांत जात होतं. आणि हे शिपाई पेशाने शिपाई नव्हतेच. कुणी शेतकरी, कुणी सुतार, कुणी शाळामास्तर. घर सोडून कधी पन्नास मैल न गेलेली ही पोरं अचानक हजार मैलांवर जाऊन पडली आणि लिहायला लागली. त्या वेळच्या एका मदतकार्यकर्त्याच्या हिशेबाने पूर्वेकडच्या फौजेची रोज ४५ हजार पत्रं वॉशिंग्टनमार्गे जात होती आणि पश्चिमेकडे लुईव्हिल शहरातून त्याच्या दुप्पट.

यात आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फौजेची भरती गावागणिक होत असे. एका कंपनीत एकाच गावचे, शेजारच्या आळीतले, मामे-चुलत भाऊ असे शंभरेक लोक. त्यामुळे एकाचं पत्र म्हणजे साऱ्या गावाचं वर्तमानपत्र. टॉम तापाने पडलाय, हॅन्कला बढती मिळाली, अमुक माणूस गोळीबार सुरू होताच झाडीत पसार झाला. हे शेवटचं वाक्य ज्याच्याबद्दल लिहिलं जाई, त्याचं काय होत असेल ते गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. लढाईत पाय घट्ट रोवून उभं राहायला सेनापतीच्या हुकमाइतकंच गावचं टपालही कारण होतं, असं त्या पत्रांतून सारखं जाणवतं.

आता टपाल चालायचं कसं, ते पाहू. मला यात गंमत वाटते, म्हणून जरा रेंगाळतो.

युद्ध सुरू झालं तेव्हा दक्षिणेतल्या पोस्टांत अमेरिकी सरकारच्या तिकिटांचा मोठा साठा पडून होता. तो विकून शत्रूने पैसा उभा करू नये म्हणून उत्तरेच्या सरकारने जुनी तिकिटंच रद्द केली आणि ऑगस्ट १८६१ पासून नवी छापली. तिकिटांची नोटबंदीच ती. शिपायांची अडचण वेगळीच. तिकीट मिळालंच तर पावसात, घामात खिशातल्या खिशात चिकटून जायचं. म्हणून जुलै १८६१ मध्ये कायदा झाला : शिपायाने पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ असं लिहावं, अधिकाऱ्याची सही घ्यावी आणि बिनतिकिटाचं पाठवावं. ३ सेंट घरच्यांनी भरायचे. आपल्याकडे बेरंग पत्राला दुप्पट भुर्दंड पडायचा आणि लोक पोस्टमनकडे संशयाने बघायचे. तिथे बेरंग पाकीट दिसलं की घरात आनंद : जिवंत आहे!

पत्त्यावर गावाचं नाव नसे, कारण फौज आज इथे तर उद्या तिथे. नाव, कंपनीचं अक्षर, रेजिमेंटचा आकडा, राज्य आणि वॉशिंग्टन, बस्स. ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे त्यांना ‘मार्फत ५६ एपीओ’ हा फौजी टपालाचा पत्ता ठाऊक असतो, तीच कल्पना. पुढे फौजेच्या गाडीतून थैली रेजिमेंटपर्यंत यायची आणि तिथला टपाल सांभाळणारा, बऱ्याच ठिकाणी पाद्रीच, नावं पुकारायचा. ज्याचं नाव येत नसे, तो थैली रिकामी झाल्यावरही तिथेच रेंगाळायचा.

शहरातल्या बायकांची अवस्था याहून फार बरी नव्हती. तिकिटाचे पैसे फक्त पोस्टापासून पोस्टापर्यंतचे. पत्र घरपोच हवं तर वर पैसे द्या, नाहीतर रांगेत उभं राहा. क्लीव्हलंडच्या पोस्टातला जोसेफ ब्रिग्ज नावाचा कारकून कडाक्याच्या थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या बायकांची रांग बघून अस्वस्थ झाला आणि त्याने फुकट घरपोच टपालाचा ध्यास घेतला, अशी तिथल्या टपालखात्याची लाडकी गोष्ट आहे. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण तारीख पक्की आहे. १ जुलै १८६३ पासून ४९ शहरांत पोस्टमन दारात यायला लागला आणि त्याच दिवसापासून अंतर कितीही असलं तरी पत्राला ३ सेंट असा सरसकट दर झाला. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मनीऑर्डर आली. शिपायाचा पगार १८६४ च्या मध्यापर्यंत महिना १३ डॉलर. तो नोटांच्या रूपात पाकिटातून घरी जाई आणि वाटेत कुणाच्या तरी खिशात उतरे, त्यावरचा तो उपाय. म्हणजे पोस्टमनने दारात येऊन मनीऑर्डर देणं हे आपल्याला जे अनादि काळापासून चालत आलेलं वाटतं, त्यातला मोठा भाग अमेरिकेपुरता तरी या युद्धाच्या पोटी जन्मला.

दक्षिणेकडे टपालखातं शून्यातून उभं करायचं होतं. ते काम टेक्सासच्या जॉन रेगन यांच्याकडे आलं. त्यांनी सरळ वॉशिंग्टनच्या टपालखात्यातल्या दक्षिणी कारकुनांना निरोप धाडला : नोकरी देतो, या, आणि येताना नमुन्याचे फॉर्म, नकाशे, अहवाल घेऊन या. बरेच जण आले! दक्षिणेच्या राज्यघटनेतच अट होती की १ मार्च १८६३ पासून टपालखात्याने स्वतःच्या कमाईवर चालायचं. मग दर वाढले. आधी ५०० मैलांच्या आत ५ सेंट, त्यापलीकडे १०, आणि जुलै १८६२ पासून सगळीकडे १०. खातं फायद्यात आलं, पण कागद संपला. आलेलं पाकीट उसवून, उलटं करून, आतल्या कोऱ्या बाजूवर नवा पत्ता घालून तेच परत पाठवायचं. तेही संपलं तेव्हा भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाची पाकिटं झाली. बाहेर पत्ता, आत वेलबुट्टी. शाई रानातल्या बोरांसारख्या जांभळ्या फळांची. कागद एकच असेल तर आडवं लिहून झालं की पान वळवायचं आणि त्याच ओळींवर उभं लिहायचं. असं पान वाचताना आपले डोळे दुखतात. ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याचे दुखले नसावेत.

पत्रांत असायचं काय? रोड आयलंडचा मेजर सुलिव्हन बलू याने १४ जुलै १८६१ ला बायकोला लिहिलेलं पत्र जगभर प्रसिद्ध आहे. आठवड्यातच बुल रनच्या लढाईत तो प्राणांतिक जखमी झाला. पत्र खरोखर हेलावून टाकणारं आहे. पण बलू वकील होता, भाषा त्याच्या हातची होती. त्याच्या पत्रावरून बाकीच्यांची कल्पना करणं म्हणजे कालिदासाच्या मेघदूतावरून नोकरीनिमित्त परगावी राहणाऱ्या नवऱ्यांची कल्पना करण्यासारखं आहे. सर्वसाधारण पत्र सुरू व्हायचं ते ठरलेल्या ओळीने : लेखणी हाती घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, या चार ओळी मिळतील तेव्हा तुम्हीही खुशाल असाल अशी आशा आहे. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ आणि ‘पत्रास कारण की’ ज्यांनी लिहिलंय त्यांना ही ओळ ओळखीची वाटेल. लिहायची सवय नसलेल्या माणसाला सुरुवात करून देणारा तो ओटा होता. त्यावरून पाय खाली ठेवला की मग खरं बोलणं सुरू : मोजे पाठव, लोणी पाठव, उवांनी जीव नकोसा केलाय, बिस्किटं दगडासारखी आहेत, गावात कुणाचं लग्न ठरलं?

शुद्धलेखनाच्या नावाने शंख. पण भाषेच्या अभ्यासकांना हीच पत्रं सोन्यासारखी, कारण माणूस जसं बोलायचा तसंच लिहायचा. कुठल्या जिल्ह्यात कुठला स्वर कसा निघत होता, ते आज त्या चुकांवरून कळतं.

सगळ्यांत जास्त मजकूर शेतीचा. आणि इथे तो अर्धा संवाद कामाला येतो. पलीकडची बाजू हरवली असली तरी अलीकडची बारकाईने वाचली तर पलीकडची ऐकू येऊ लागते. समजा, एका शिपायाच्या पत्रांत अशी वाक्यं आली (ही मी रचलेली, पण खऱ्या पत्रांतल्या धाटणीचीच). मार्चमध्ये : ‘खालच्या वावरात मका घाल, वरचं पडीक राहू दे, तुला झेपायचं नाही.’ जूनमध्ये : ‘वरचं पण पेरलंस हे वाचलं. बरं केलंस. बैल कुणाचे घेतलेस?’ ऑक्टोबरमध्ये : ‘डुकरं कधी विकायची ते तूच बघ, तिथला भाव मला काय कळणार.’ बाईचा एकही शब्द आपल्या हाती नाही. तरी सहा महिन्यांत त्या घरात काय घडलं ते दिसतं. हुकूम सल्ल्यावर आला आणि सल्ला प्रश्नावर.

घरची पत्रं गेली कुठे, याचं उत्तर साधं आहे. पावसात भिजून लगदा झाली. लांबच्या वाटचालीत ओझं नको म्हणून टाकली. शेकोटी पेटवायला वापरली. आणि पुष्कळांनी ती मुद्दाम जाळली. लढाई झाली की जिंकणारे मेलेल्यांचे खिसे उलटे करायचे, सापडलेली पत्रं रात्री शेकोटीपाशी मोठ्याने वाचून हसायचे. आपल्या बायकोचं पत्र परक्यांच्या चेष्टेचा विषय होऊ नये म्हणून माणसं लढाईच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा पेटवून द्यायची. काही शहाण्यांनी जुनी पत्रं बांधून घरी परत पाठवली. जी थोडी उरली त्यांतली बरीचशी अशा गठ्ठ्यांतली.

घरच्या या पत्रांत ताकद केवढी होती, ते दक्षिणेकडे दिसतं. एप्रिल १८६२ मध्ये तिथे सक्तीची भरती आली. ऑक्टोबरमध्ये तिला पुरवणी जोडली गेली : ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम, तिथला एक गोरा माणूस भरतीतून मोकळा. गरीब शेतकऱ्यांनी याचा अर्थ बरोबर लावला. युद्ध श्रीमंताचं, मरण गरिबाचं. घरी पुरुष नाही, मीठ मिळत नाही, नोटांना किंमत उरली नाही. २ एप्रिल १८६३ ला राजधानी रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. अशा दिवसांत बायकोचं पत्र येई, पोरं उपाशी निजतात. दोन दिवसांनी तंबूत एक जागा रिकामी. पळून जाणाऱ्याला गोळी घालायची शिक्षा होती, तरी माणसं गेली. अधिकाऱ्यांची तक्रार असे की शत्रूच्या तोफांपेक्षा ही पत्रंच जास्त नुकसान करतात. वर्तमानपत्रांतून बायकांना उपदेश व्हायचा : रडगाणं लिहू नका, हसतमुख पत्र लिहा. पोटात काही नसताना हसतमुख कसं लिहायचं, ते काही कुणी छापलं नाही.

अधिकाऱ्यांना तक्रारच करावी लागली, कारण शिपायांची पत्रं सरसकट उघडून वाचायची पद्धत तेव्हा नव्हती. शिपाई सेनापतीला गाढव म्हणायचा, आपण कुठे आहोत तेही लिहायचा, आणि पत्र जसंच्या तसं घरी पोचायचं. याच्या उलट उदाहरण आपल्याच लोकांचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरने वाचली, इंग्रजीत उतारे काढले, आणि आज त्या शिपायांचं मन बरंचसं त्या उताऱ्यांतूनच कळतं. एकीकडे पत्र वाचवलं घरातल्या पेटीने, दुसरीकडे सरकारच्या संशयाने.

हा संशय अमेरिकेतही एका पत्राच्या उपयोगी पडला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. पुढे उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक दाखल झाले, त्यांतले बहुतेक कालपरवापर्यंत गुलाम. कुणी छावणीतच पाटी गिरवली, कुणी दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. स्पॉट्सवुड राइस हा त्यांतला एक. सप्टेंबर १८६४ मध्ये तो सेंट लुइसजवळच्या बेंटन बॅरक्सच्या इस्पितळात होता. त्याच्या मुली अजून मिसुरीतच, मालकिणीच्या ताब्यात. त्याने दोन पत्रं लिहिली. एक मुलींना : काही झालं तरी मी तुम्हाला घ्यायला येणार, माझा जीव गेला तरी. दुसरं मालकिणीला : माझं लेकरू जितके दिवस अडवून ठेवशील तितकी जास्त नरकात जळशील. एका काळ्या शिपायाने असं लिहावं याने तिच्या भावाचं माथं भडकलं. त्याने दोन्ही पत्रं फौजेच्या वरिष्ठाकडे पाठवून मागणी केली की या माणसाला राज्याबाहेर काढा. पत्रं तक्रारीला जोडून सरकारी दप्तरात गेली आणि म्हणून टिकली. राइसला त्याच्या मुली मिळाल्या. त्यांतली मेरी १९३७ मध्ये म्हातारी झाली असताना एका सरकारी मुलाखतीत बापाविषयी बोलली आहे. साऱ्या पत्रव्यवहारात मला हा प्रसंग सगळ्यांत आवडतो. चार ओळींचं पत्र आणि मालकीहक्क सटपटला.

ज्यांचं घर एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, त्यांच्यासाठी पांढऱ्या निशाणाचं टपाल होतं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फोर्ट मन्रोपाशी दोन्ही बाजूंच्या थैल्या बदलल्या जात. पत्र एका पानाचं, पाकीट उघडं, मजकूर घरगुती, आणि तिकिटं दोन्ही सरकारांची. ही पत्रं मात्र वाचली जात. युद्धकैद्यांनाही हाच नियम. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तळावर ४५ हजारांच्या आसपास कैदी येऊन गेले, त्यांतले सुमारे १३ हजार तिथेच मेले. तिथून घरी आलेलं एक पान म्हणजे माणूस निदान त्या तारखेला जिवंत होता, इतकीच खात्री.

आणि मेल्यावर? ऐकून धक्का बसेल, पण शिपाई मेला तर घरी कळवणं हे दोन्हीपैकी एकाही फौजेचं ठरलेलं काम नव्हतं. वर्तमानपत्रात याद्या यायच्या, त्यांत नावं चुकलेली. खरी बातमी यायची ती तंबूतल्या सोबत्याच्या, नर्सच्या नाहीतर कॅप्टनच्या पत्रातून. या पत्रांचाही एक साचा झाला होता, कारण घरच्यांचे प्रश्न तेच असत. शुद्धीत होता का? देवाचं नाव घेतलं का? आमची आठवण काढली का? पुरलं कुठे, खूण काय ठेवली? सोबत केसांची एक बट यायची. कवी वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या इस्पितळांतून हेच काम करत हिंडायचा, खिशात कागद, पाकिटं, तिकिटं घेऊन. ऑगस्ट १८६३ मध्ये विषमज्वराने गेलेल्या इरॅस्टस हॅस्केलच्या आईबापांना त्याने लिहिलेलं पत्र वाचावं. त्यात मोठमोठे शब्द नाहीत. पोरगा फारसा बोलायचा नाही, मी त्याच्या खाटेशी गप्प बसून वारा घालायचो, असंच सगळं.

आपल्याकडे मरणाची बातमी आणणारं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. आजीच्या तिन्ही तारांत असं एकही नाही. तिथे उलट. काळ्या किनारीचं ते पाकीट बायबलमध्ये जपलं जाई, कारण पुष्कळांना प्रेत मिळालं नाही, थडगं मिळालं नाही. ते पत्र हाच काय तो अंत्यविधी.

ज्यांना तेवढंही मिळालं नाही, त्यांनी क्लारा बार्टनला लिहिलं. युद्धात जखमींची सेवा करून नाव कमावलेल्या या बाईने १८६५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या आपल्या भाड्याच्या खोल्यांत बेपत्ता शिपायांसाठी कचेरी उघडली. आलेली नावं राज्यवार छापायची, पोस्टाच्या भिंतींवर लावायची, सुटून आलेल्या शिपायांना विचारायचं : याला कुणी पाहिलंय? १८६८ पर्यंत तिच्याकडे ६३ हजारांवर पत्रं आली आणि २२ हजार माणसांचं काय झालं ते कळलं. नंतर त्या खोल्या बंद पडल्या आणि लोक विसरून गेले. १९९६ मध्ये इमारत पाडायच्या आधी तपासणीला गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला माळ्यावर तिची पाटी आणि कागद सापडले. माळा सगळीकडे सारखाच.

आता ती तारीख. १ जुलै १८६३. ज्या दिवशी ४९ शहरांत पोस्टमन पहिल्यांदा फुकट दारात आला, त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावाबाहेर लढाईला तोंड लागलं. १५४ वी न्यूयॉर्क रेजिमेंट गावाच्या कडेला एका वीटभट्टीपाशी उभी होती आणि तिच्यावर दक्षिणेची फौज लोटली. त्यातला एक सार्जंट मागे हटता हटता गावातल्या एका मोकळ्या जागेपर्यंत पोचला आणि तिथे पडला. पुढे त्याचं प्रेत सापडलं तेव्हा ओळख पटेल असं अंगावर काही नव्हतं. हातात फक्त काचेवर काढलेला एक फोटो, तीन मुलांचा.

फोटो फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बोर्न्स यांच्याकडे आला. त्यांनी बातमी दिली. त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापता येत नव्हता, म्हणून ऑक्टोबरमध्ये तिथल्या इन्क्वायररने शब्दांत वर्णन छापलं : धाकटा उंच खुर्चीत, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि मोठ्या मुलाचा सदरा नि बहिणीचा झगा एकाच कापडाचा. दुसऱ्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात आलेल्या एका अंकात ते वर्णन फिलिंडा ह्युमिस्टन हिच्या वाचनात आलं. एकाच थानातून सदरा आणि झगा कुणी बेतलेत, ते तिला विचारायला नको होतं. नवऱ्याचं कित्येक महिन्यांत पत्र नव्हतं. तिने लिहून कळवलं, उलट टपाली फोटोची प्रत आली. फ्रँक, ॲलिस आणि फ्रेड.

एमोस ह्युमिस्टन घोड्यांचं चामडी सामान करणारा कारागीर होता. फोटो तिनेच टपालाने पाठवलेला. मे महिन्यात त्याची पोच आली होती : मुलांची छबी मिळाली, दुसरं काहीही पाठवलं असतंस तरी इतका आनंद झाला नसता. ही ओळ आज वाचता येते, कारण त्याचं पत्र घरी टिकलं. तिने फोटोबरोबर जे काही लिहिलं असेल, ते त्याच्या हातात नव्हतं.